सासूबाईंच्या खिडकीखालचा पाणघोडा

भिंगवाल्यांचं उभं आयुष्य तिळाएवढ्या स्क्रूंमध्ये गेलं. चष्म्याच्या काडीचा स्क्रू एकदा का चिमट्यातून निसटला, की गुडघे टेकायचे, श्वास रोखायचा आणि फरशीला गाल लावून टॉर्चच्या उजेडात त्याला हुडकायचं. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं. दुकान बाजाररस्त्याला. शेजारी चपलांचं दुकान, समोर बँक. आत एक उंच खुर्ची, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरमागे हे गृहस्थ, मऊ आवाजाचे, किंचित पोक काढून बसलेले. "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेला असा चिकटला होता, की बायकोनं पडद्याची दोन कापडं पुढं धरली तरी तोच तोंडून निघे.

अशा माणसाच्या मनात एक इच्छा होती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. एकदा तरी असा नट फिरवायला मिळावा, की ज्याला दोन्ही हात लागतील आणि तोंडातून आपोआप 'हुं' निघेल. आता ही काय चारचौघांत सांगण्यासारखी इच्छा आहे?

एके दिवशी गावाबाहेरच्या भंगारशेठचा फोन आला. शेठचा चष्मा त्यांच्याच गुडघ्याखाली चिरडला गेला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचं फाटकही दिसत नव्हतं. म्हणून भिंगवाले पेटी घेऊन स्वतःच त्यांच्या आवारात गेले. तपासणी झाली, नंबर लिहून झाला आणि परत निघताना जुन्या बाथटबांच्या ढिगामागे त्यांना एक होडी उभी दिसली. होडी उभी असते हेच मुळात चमत्कारिक. जवळ गेले, तर होडीला चाकं. सहा.

"ते लष्करातलं आहे," भंगारशेठ पावलांच्या आवाजाच्या दिशेनं चाचपडत आले. "रस्त्यावर ट्रक, पाण्यात होडी. माझ्या काकांनी लिलावात घेतलं होतं. त्यांना वाटलं, कुणीतरी घेईल. कोण घेतंय? पुढच्या आठवड्यात कापणार."

"चालतं का?"

"चालत असतं तर माझ्याकडे आलं असतं का?"

भिंगवाल्यांनी पुढच्या चाकाच्या नटावर हात ठेवला. तो नट त्यांच्या मुठीएवढा होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, पण इथं मागितला होता एक नट आणि देव साडेसहा टनांचं धूड घेऊन उभा होता.

"कापू नका," ते म्हणाले.

"मग काय करू?"

"मला द्या."

हे आपणच बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. भंगारशेठचा तर मुळीच बसला नाही. पण शेठ व्यवहारी होते. त्यांच्या घरात चौदा माणसं, त्यातली अकरा चष्मेवाली. या अकरा जणांना हयातभर चष्मे पुरवायचे, आणि उरलेल्या तिघांना लागले तर त्यांनाही, असा सौदा ठरला. "न्यायचं कसं ते मात्र तुमचं तुम्ही बघा," शेठ म्हणाले.

घरी दोन बायका होत्या. एक बायको, म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे, आणि घरातही कारभार साधारण त्याच धर्तीवर चाले. दुसऱ्या सासूबाई. गुडघा धरल्यापासून गेली चार वर्षं त्या लेकीकडेच राहत होत्या. वय एकाहत्तर, अंगानं काटकुळ्या, नजर तीक्ष्ण. त्यांचं आणि जावयाचं बावीस वर्षांत कधी वाजलं नव्हतं, कारण मुळात बोलणंच झालं नव्हतं. "जेवलात का?" "हो." "उकडतंय." "हो ना." एवढ्यावर भागे. दोघांनी एकमेकांचा मान काचेच्या कपाटातल्या कपबशांसारखा जपून ठेवला होता. धूळ पुसली जायची, वापर शून्य.

नशीब असं, की त्या आठवड्यात मोठ्या बाई तीन दिवसांच्या शिबिराला परगावी होत्या. तेव्हा कुणाच्या तरी कानावर घालायचं म्हणून भिंगवाले सासूबाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"आई, उद्या थोडं सामान येणार आहे. अंगणात ठेवायला."

"ठेवा की."

"जरा मोठं आहे."

"फ्रिज का?"

"फ्रिजपेक्षा मोठं."

सासूबाईंनी पुढं विचारलं नाही. जावयाला फार विचारू नये, अशी त्यांची रीत होती.

दुसऱ्या दिवशी लांबलचक ट्रेलर आला. अंगणाची भिंत बारा फूट पाडावी लागली. दोन क्रेनवाले, चार गवंडी आणि रस्त्यावरून जाणारे झाडून सगळे लोक यांनी आपापले सल्ले दिले, आणि दुपारपर्यंत ते धूड अंगणात असं फिट्ट बसलं, की पुढं वीतभर आणि मागं वीतभर जागा उरली. मागचा पाण्यातला पंखा बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आला. सासूबाईंची खोली अर्धा मजला वर होती. तिच्या खिडकीच्या चौकटीला होडीची वरची बाजू टेकल्यासारखी झाली. सासूबाईंनी खिडकी उघडली, खाली बघितलं, डावीकडून उजवीकडे बघितलं.

"पाणघोडाच आहे की," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. तेच नाव पडलं.

मोठ्या बाई परतल्या त्या पाठीवरची पिशवीही न उतरवता घरात शिरल्या. "कुणीतरी आपल्या अंगणात जहाज लावून गेलंय," त्या म्हणाल्या. "पोलिसांना फोन केलात का?"

"कुणीतरी नाही," भिंगवाले म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगायचं, तर भिंगवाल्यांना एक वर्षाची मुदत मिळाली. वर्षानं त्यांनी मुदतवाढीचा लेखी अर्ज केला. मोठ्या बाईंनी त्यावर लाल शाईनं 'शेवटची संधी' असा शेरा मारून सही केली. सहा महिन्यांनी दुसरा अर्ज गेला, त्यावरही तोच शेरा. असे अर्ज तीन झाले.

सुरुवातीचे महिने गंजाचे होते. दुकान बंद करून आलं, की भिंगवाले जुनी विजार चढवत आणि पाणघोड्याखाली गायब होत. पहिला नट सुटायला नऊ दिवस लागले. रोज तेल सोडायचं, रोज पान्याला लोंबकळायचं. नवव्या दिवशी 'कर्र' असा आवाज झाला, भिंगवाल्यांच्या तोंडून 'हुं' निघालं, आणि ते तिथंच पाठीवर पडून हसत राहिले. स्वयंपाकघरातून मोठ्या बाईंनी विचारलं, "लागलं का कुठं?" बोटांची सालटं गेली होती, पण ते म्हणाले, "छे, काही नाही." दुसऱ्या दिवशी दुकानात चष्मा दुरुस्त करताना त्यांच्या बोटांना लावलेल्या पट्ट्या बघून एका गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

इंजिन पार जाम झालं होतं. त्यात तेल ओतून दोन महिने नुसती वाट बघितली. बाजाराच्या टोकाला एक लेथवाले मिस्त्री होते. ते आले, कानाला हात लावून म्हणाले "होणार नाही," आणि मग इरेला पेटून स्वतःच दर रविवारी येऊ लागले. गायब झालेलं सुकाणू त्यांनी जाड पत्र्यातून कापून दिलं. इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं त्या दिवशी सगळा धूर स्वयंपाकघरात गेला आणि सहावीच्या मुलींचे तपासलेले पेपर काळवंडले. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेत काय कारण सांगितलं, ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही.

एका दुपारी भिंगवाले होडीच्या तळाशी आडवे पडून गंज खरवडत होते, तेव्हा डोक्यावर पावलं वाजली. मग काहीतरी फरफटल्याचा आवाज. ते घाबरून वर आले, तर सासूबाई डेकवर वेताची खुर्ची मांडून बसल्या होत्या. खिडकीतून एक पाय बाहेर टाकला, की झालं. जिना उतरायला नको की गुडघा वाकवायला नको.

"ऊन छान येतं इथं," त्या म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

मग ते रोजचंच झालं. वर सासूबाई, खाली जावई, मध्ये पोलादी पत्रा. पंधरा दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. सोळाव्या दिवशी वरून आवाज आला.

"जावईबापू, ते काय लावताय?"

चाकांना फिरवणारा दांडा होडीच्या पोटातून बाहेर जातो, तिथं पाणी आत येऊ नये म्हणून रबराची जाड टोपी असते. भिंगवाले तिच्या चिरांवर कसलातरी काळा लगदा थापत होते.

"पॅकिंग करतोय, आई. रबर अजून बरं आहे."

"मेलेलं आहे ते."

"अं?"

"चिमटीत धरा आणि दुमडा. घडीवर पांढरी रेघ येते का?"

भिंगवाल्यांनी दुमडून बघितलं. रेघ आली.

"मेलं," सासूबाई म्हणाल्या. "त्यावर काय वाट्टेल ते थापा, मढ्याला पावडर लावल्यासारखं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" भिंगवाल्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

सासूबाईंना राग आला नाही. उलट कुणी विचारायची त्या इतकी वर्षं वाट बघत होत्या की काय, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "रबराच्या कारखान्यात होते मी. चौतीस वर्षं. शेकायच्या पिशव्या. शेवटच्या टेबलावर."

सासूबाई 'कारखान्यात होत्या' हे भिंगवाल्यांना ठाऊक होतं. कशाच्या, आणि तिथं काय करायच्या, हे विचारायचं त्यांना बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. ते वर आले आणि डेकवर मांडी घालून बसले.

"शेवटचं टेबल म्हणजे?"

"गळतीचं. पिशवी फुगवायची, पाण्यात दाबून धरायची आणि दहा मोजायचे. बुडबुडा आला की बाजूला. दिवसाला आठशे पिशव्या. हिवाळ्यात हात लाकडासारखे व्हायचे. हातमोज्यांसाठी आम्ही चार दिवस संप केला होता, तेव्हा मिळाले." सासूबाईंनी हात पुढं केला, उलटसुलट करून बघितला. "पण माझ्या हातावरून गेलेली एकही पिशवी गळते म्हणून परत आली नाही. एकही नाही, जावईबापू."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर रबराचे तक्ते आले. बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवून सासूबाई खडूनं गोल आखत आणि मोठ्या कात्रीनं अशी रिंग कापत, की मिस्त्रींनी मोजपट्टी लावून बघितली आणि गुपचूप खिशात घातली. सगळ्या घराला रबराच्या सोल्यूशनचा वास यायला लागला. मोठ्या बाई जेवताना नाकाला रुमाल लावत.

"आई, निदान तू तरी," त्या म्हणाल्या.

"चिमणे, जेव मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या. साडेसातशे मुली जिच्या पावलांच्या आवाजानं गप्प होत, तिला चिमणे म्हणणारं या जगात एकच माणूस होतं.

गळती शोधायची युक्तीही सासूबाईंचीच. एवढं धूड पाण्यात दाबून कोण धरणार? मग उलटं करायचं, पाणीच आत भरायचं. बागेची नळी लावून होडीचं पोट गुडघाभर भरलं आणि सासूबाई गमबूट घालून, खडू हातात घेऊन बाहेरून फिरल्या. जिथं थेंब, तिथं फुली. पहिल्या दिवशी एक्केचाळीस फुल्या पडल्या. पाणघोडा गोवर आल्यासारखा दिसत होता. महिन्याभरात फुल्या एकोणीसवर आल्या, मग सहावर. मग एक हट्टी फुली उरली, डाव्या बाजूच्या मधल्या चाकापाशी. ती गेली त्या दिवशी सासू-जावयांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं. त्यापेक्षा जास्त काय करावं, हे दोघांनाही सुचलं नाही.

मग सरकारी कागद. वाहनांच्या कार्यालयातल्या कारकुनानं फोटो बराच वेळ निरखला. "अर्जात पहिला रकाना 'नाव' असा आहे," तो म्हणाला, "तो तुमच्याइतका कुणालाच लागू पडत नाही. पण आमच्याकडच्या गाड्या बुडत नाहीत हो, तुम्ही बंदर खात्याकडे जा." बंदर खात्यानं चाकं बघितली आणि परत पाठवलं. अशा फेऱ्या मारता मारता शेवटी दोन्हीकडचे शिक्के मिळाले. आता पाण्यात जायचं तेवढं बाकी होतं.

गावाजवळ दगडाची जुनी खाण होती, ती पाण्यानं भरून तिचा तलाव झाला होता. एका बाजूनं उतार होता, रखवालदार होता आणि रखवालदाराची छोटी होडी होती. रविवार ठरला. आदल्या दुपारी सासूबाईंनी शेवटची नजर फिरवली. होडीच्या तळाला तीन भोकं असतात, रस्त्यावर असताना आतलं पाणी निघून जावं म्हणून. तलावात शिरायच्या आधी त्यांना पितळी बुचं पिळून बसवायची. सासूबाईंना बुचांच्या रिंगा पातळ वाटल्या.

"ही मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "नव्या रिंगा घालते. बुचांचं मी बघते."

"बरं," भिंगवाले म्हणाले.

रविवारी सकाळी काठावर ही गर्दी. भंगारशेठ सहकुटुंब हजर, अकरा चष्मे उन्हात लखलखत होते. लेथवाले मिस्त्री होते, शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, आणि छत्री व थर्मास घेऊन मोठ्या बाई होत्या. त्या येणार नाही असं म्हणाल्या होत्या. सासूबाई जावयाशेजारी पुढच्या आसनावर बसल्या, पर्स मांडीवर.

पाणघोडा उतारावरून खाली आला. पुढची चाकं पाण्यात गेली, नाक खाली गेलं, आणि मग अंगाखालची जमीन सुटली. इंजिनाची घरघर तीच, पण खडखडाट एकदम थांबला. सगळं मऊ झालं. भिंगवाल्यांनी स्टिअरिंग जरासं वळवलं आणि साडेसहा टन लोखंड लोण्यातून सुरी फिरावी तसं वळलं. काठावर टाळ्या पडल्या.

"आई," भिंगवाले म्हणाले, "तरंगतंय."

"तरंगणारच," सासूबाई म्हणाल्या.

हे सुख दोनेक मिनिटं टिकलं. मग भिंगवाल्यांना बूट ओला लागला. त्यांना वाटलं, शिंतोडे असतील. मग मोजे भिजले. त्यांनी पंप सुरू केला. पंप बिचारा घसा फुटेस्तोवर उपसत होता, पण तीन भोकांपुढं त्याची काय मात्रा चालणार! भिंगवाल्यांनी घाईनं तोंड काठाकडे वळवलं. काठ पन्नास पावलांवर राहिला असताना इंजिन एकदा ठसकलं आणि बंद पडलं. पाणघोडा सावकाश, अगदी अदबीनं, खाली बसत गेला आणि खऱ्या पाणघोड्यासारखाच तळाला टेकला: नाक, दिवे आणि सासूबाई तेवढ्या पाण्याच्या वर. त्या आसनावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात पर्समध्ये गेला आणि तिथंच थांबला. भिंगवाल्यांनी तो हात बघितला. त्यांना सगळं कळलं.

रखवालदारानं आपली होडी आणून दोघांना काठावर उतरवलं. मोठ्या बाई छत्री मिटून पुढं झाल्या. आई धड आहे, नवरा धड आहे, हे बघून झाल्यावर त्यांचा आवाज परत आला.

"कोणाची चूक?"

"माझी," भिंगवाले म्हणाले. "मागची एक रबराची पट्टी मी नीट बसवली नव्हती. घाई केली."

"खोटं बोलू नका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सगळ्यांसमोर सोडली. तीन पितळी बुचं होती, नव्या रिंगा घातलेली, घासूनपुसून चकचकीत.

कुणी हसलं नाही. भंगारशेठनं आपल्या घरच्यांना डोळ्यांनीच दाबलं. सासूबाई गाडीत जाऊन बसल्या आणि घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पाणघोडा क्रेननं काढून परत अंगणात आला. इंजिनातलं तेल दुधाळ झालं होतं. ते काढा, धुवा, वाळवा, पुन्हा भरा, हे काम आठवडाभर पुरलं. पण आठ दिवस सासूबाईंची खिडकी बंद होती. वेताची खुर्ची डेकवर एकटीच पडलेली.

"जेवते, पण बोलत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "मी लहान असताना कारखान्यातून यायची ना, तेव्हा सांगायची, आज आठशे, आज सातशे ऐंशी. आणि शेवटी म्हणायची, एकही गळकी नाही. तुम्ही बोलून बघा. मला तर ती चिमणे सुद्धा म्हणत नाहीये."

काय बोलायचं हे भिंगवाल्यांना ठाऊक नव्हतं. सांत्वन करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. नंबर वाढला की गिऱ्हाइकाला ते "वाढलाय" एवढंच सांगत. ते डेकवर चढले, खिडकीच्या काचेवर टकटक केली. बऱ्याच वेळानं एक फट उघडली.

"आई, रिंगा उत्तम बसल्यात. मी बुचं लावून आत पाणी भरून बघितलं, तीन तास. एक थेंब नाही."

"बुचं लावली तर थेंब येत नाहीच," सासूबाई म्हणाल्या.

"गाडी मी चालवत होतो. पाण्यात घालायच्या आधी खाली वाकून बघायला हवं होतं मी. नाही बघितलं."

"मी बघते म्हणाले होते ना. माझ्यावर भरवसा टाकलात, ही काही तुमची चूक नाही."

"मग तुमची तरी कशी? एवढ्या पिशव्या तपासल्यात, पण पिशवीवर बसून पाण्यात जायची तुमचीही पहिलीच वेळ होती."

सासूबाईंनी फट थोडी मोठी केली. मग फटीतून विचारलं, "माझं रूप कसं दिसत होतं हो, पाण्यात?"

भिंगवाल्यांना खोटं बोलता आलं नाही. "बंदरातल्या पुतळ्यासारखं," ते म्हणाले.

आतून एक बारीक आवाज आला. आधी त्यांना वाटलं, रडतायत. मग खिडकी उघडली आणि सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. पाठोपाठ त्यांनी चौकटीतून पाय बाहेर टाकला.

दुसऱ्या खेपेची सूत्रं मोठ्या बाईंनी हातात घेतली. "तुम्हा दोघांच्या भरवशावर आता काही सोडायचं नाही," म्हणत त्यांनी शाळेतली एक कोरी हजेरीवही आणली आणि मिस्त्रींना समोर बसवून पाणघोड्याच्या एकूण एक भागाचं नाव तिच्यात उतरवून घेतलं. त्या रविवारी काठावर गर्दी नव्हती, मुद्दामच कुणाला बोलावलं नव्हतं. उतारावर उभ्या असलेल्या पाणघोड्याच्या डेकवर चढून, चष्मा नाकावर सरकवून मोठ्या बाईंनी हजेरी सुरू केली.

"पहिलं बूच?"

"हजर," खालून भिंगवाले ओरडले.

"हात लावून बघा. दुसरं?"

"हजर."

"तिसरं?"

"हजर, बाई!" या वेळी सासूबाईंनी ओरडून सांगितलं. त्या गुडघ्याची पर्वा न करता वाकून स्वतः बघत होत्या.

पंप, पट्ट्या, सुकाणू, दोऱ्या, जीवरक्षक जाकिटं, सगळ्यांपुढं बरोबरची खूण झाली. भिंगवाल्यांनी सासूबाईंना हात देऊन वर घेतलं, इंजिन सुरू केलं आणि ब्रेक सोडला. मोठ्या बाई शेवटच्या पानावर तारीख घालत होत्या.

"थांबा, मी उतरते," त्या म्हणाल्या, पण तोवर नाक पाण्यात गेलं होतं. "अहो! थांबवा! मला पोहता येत नाही!"

"मलाही नाही," भिंगवाले म्हणाले.

"हे मला आत्ता सांगताय?"

जमीन सुटली. मोठ्या बाईंनी एका हातानं आसनाची कड आणि दुसऱ्या हातानं हजेरीवही घट्ट धरली. मिनिट झालं, दोन झाली. भिंगवाले आणि सासूबाई दोघंही मान खाली घालून पायांशी बघत होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पायांखालचा पत्रा कोरडा ठणठणीत होता. सासूबाईंनी वाकून तळ चाचपला, बोटं उन्हात धरून बघितली आणि जाकिटाला पुसली.

तलावाच्या मधोमध आल्यावर भिंगवाल्यांनी वेग कमी केला. वारा थोडा, पाणी सपाट, चारी बाजूंनी खाणीचे तुटके कडे. मोठ्या बाईंची पकड सैल झाली होती. त्यांनी थर्मासमधून तिघांना चहा ओतला.

"आई," भिंगवाले म्हणाले, "चालवता का?"

"मी? मी आयुष्यात सायकल चालवली नाही."

"इथं आदळायचं कशावर?"

जागांची अदलाबदल झाली. सासूबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, पिशवी पाण्यात दाबून धरावी तसं. मग डावीकडे ओढलं. पाणघोडा डावीकडे वळायला लागला. तो वळत राहिला. एक फेरा झाला, दुसरा झाला. रखवालदार काठावर उठून उभा राहिला. तिसऱ्या फेऱ्याला सासूबाईंची केसांची पिन निसटली आणि त्यांचं त्याकडे लक्षही गेलं नाही.

"आई, पुरे आता," मोठ्या बाई म्हणाल्या. "चक्कर येतेय मला. उतार तिकडे आहे, सरळ घे."

"चिमणे, जरा दम धर," सासूबाई म्हणाल्या. "उजवीकडे अजून वळून बघितलंच नाही मी."

आणि त्यांनी कोपरं फाकवून स्टिअरिंग दुसऱ्या अंगाला ओढलं.